हीटरची पेटी आणि वऱ्हाडचे मिस्त्री

वरूडचे नाव निघाले की संत्र्याची गोष्ट निघते. आंबिया बहार, मृग बहार, दिल्ली-कलकत्त्याला जाणारे ट्रक, आटत चाललेल्या विहिरी, हे सगळे लिहून झाले आहे, आणि ते लिहायलाच हवे होते. पण ही संत्री ज्या चाकांवर बसून गावाबाहेर गेली, ती चाके चालती ठेवणाऱ्यांबद्दल कुठे चार ओळी सापडत नाहीत. आमच्या भागातल्या जीपा, अँबेसेडर, फियाट, मॅटाडोर, ट्रक ज्यांच्या हाताखालून गेले त्यांत आमची माणसे पुष्कळ. इंजिन मिस्त्री, रेडिएटरवाले, वायरमन, हूड-कुशनवाले, डेंटर, पेंटर. मोटारीचा इतिहास लिहिणाऱ्याने कारखानदारांची नावे लिहिली, मालकांची लिहिली, गाडीत बसून सभेला गेलेल्या पुढाऱ्यांची लिहिली. पान्यावाल्याचे नाव बिलावरसुद्धा नसायचे, कारण बिलच नसायचे.

या इतिहासाचा एकच बारीक धागा आम्ही इथे धरतो आहोत. गाडीतून काय काढले, याचा. गाडीत काय बसवले याची नोंद कारखान्याच्या पुस्तकात असते. काढले त्याची नोंद कोणी ठेवत नाही. वऱ्हाडातल्या जुन्या गाड्यांतून जे सर्वात जास्त काढले गेले ते म्हणजे हीटर आणि हवा खेळवण्याचे भाग. थंड मुलुखात तयार झालेली गाडी आमच्या उन्हाळ्यात चालती करताना आमच्या मिस्त्रींनी तिच्यातून तिचा हिवाळा काढून टाकला, असे म्हटले तरी चालेल.

हिवाळा आला कुठून, ते आधी पाहू. स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडे गाड्या बनत नव्हत्या, त्यांचे सुटे भाग इथे आणून जोडले जात. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. फोर्डही पाठोपाठ आली. १९५३ मध्ये सरकारचे धोरण ठरले की नुसती जोडणी करणाऱ्यांनी इथे थांबू नये, आणि या दोन्ही कंपन्या निघून गेल्या. राहिल्या त्या देशी कंपन्या. १९४२ साली स्थापन झालेल्या बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सने पुढे बंगालात उत्तरपाड्याला कारखाना नेला, आणि वालचंद हिराचंदांच्या १९४४ च्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याला. पण कंपनी देशी असली तरी गाडीचा नकाशा परका होता. अँबेसेडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती, आपल्याकडे ती १९५७-५८ पासून निघू लागली आणि २०१४ पर्यंत निघत राहिली. फियाट ११०० ही इटलीतल्या तुरीनची, १९५३ ची. आपल्याकडे ती १९५४ पासून आली, १९७० च्या दशकात तिचे नाव पद्मिनी झाले आणि २००० च्या आसपास ती बंद पडली. ज्यांनी नकाशे काढले त्यांच्या दारात हिवाळ्यात बर्फ पडायचा. गाडी सुरू केल्यावर पाय गोठू नयेत आणि समोरची काच धुक्याने आंधळी होऊ नये ही त्यांची गरज होती. डॅशबोर्डखाली पेटीची जागा, इंजिनाच्या हेडला गरम पाण्याची वाट, काचेच्या खाली वारा सोडायच्या फटी, हे सगळे त्या गरजेतून आले. आपल्याकडे निघालेल्या पुष्कळ गाड्यांना कारखान्यातून हीटर येतच नसे, पण त्याची जागा, भोके आणि डाट मात्र आलेले असत. जणू पाहुणा येणार नाही हे ठाऊक असून मांडलेले ताट. बाहेरदेशातून आलेल्या, वकिलातींनी विकून टाकलेल्या आणि वरच्या किमतीच्या गाड्यांत मात्र अख्खा हीटर असायचा.

हीटर म्हणजे काय, तर छोटा रेडिएटर. पितळेच्या नळ्या, तांब्याच्या पातळ पट्ट्या, सगळे डाख देऊन जोडलेले. इंजिन तापवून सोडते ते पाणी एका रबरी होजने यात येते, दुसऱ्या होजने परत जाते. मध्ये एक कॉक असतो. पेटीत एक पंखा. डॅशबोर्डवरच्या खुंट्यांना तारा जोडलेल्या, त्या ओढल्या की पेटीतल्या झडपा उघडतात : एक पायाकडे, एक काचेकडे. जी उष्णता एरवी बोनटच्या जाळीतून फुकट जायची तिच्यातली थोडी माणसांकडे वळवायची, इतकीच करामत. अमेरिकेत नॅश कंपनीने १९३८ मध्ये बाहेरची ताजी हवा गाळून, तापवून आत सोडणारी पद्धत आणली आणि पुढच्या सगळ्या हीटरांचा वंश तिथून चालू झाला.

गार हवेची कथा निराळी आणि जरा गमतीची. १९४० च्या सालच्या पॅकार्ड गाडीत कारखान्यातून वातानुकूलन येऊ लागले. पण त्या यंत्राला बंद करायची कळच नव्हती. हिवाळ्यात ते थांबवायचे तर बोनट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा काढून ठेवायचा. म्हणजे काढण्याची विद्या अमेरिकन मालकालाही लागत होती.

तोपर्यंत बाकी जगाचे भागत होते ते साध्या झडपांवर. पुढच्या दाराच्या काचेत ती तिकोनी छोटी काच, जी फिरवली की वारा छातीवर येतो, ती जनरल मोटर्सच्या गाड्यांत १९३३ ला आली आणि पुढे जगभर पसरली. आमच्या फियाटीतली तिकोनी काच त्याच कुळातली. जुन्या जीपेची तर पुढची काचच चौकटीसकट बाहेर ढकलून उघडता यायची. पुष्कळ गाड्यांत बोनट आणि काचेच्या मध्ये एक पत्र्याची झडप असायची, आतला दांडा ढकलला की ती डोके वर काढायची. आणि गाडीच्या बाहेर, बंपरला टांगलेली किरमिजाची छागल. ती कोणत्याही कारखान्याच्या यादीत नव्हती, पण आमच्याकडे जीपेचा तो सर्वात भरवशाचा भाग होता. माणूस प्यायचा, तहानलेल्या रेडिएटरलाही पाजायचा.

आता वऱ्हाडचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते. अशा दुपारी हीटरचा कॉक नीट बंद झाला नाही, तर उकळते पाणी तुमच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर फिरत असते. कॉक नीट बंद होतच नसे. वर्षभर न हलवलेला पितळी कॉक क्षाराने जाम होतो, आमच्याकडच्या विहिरींचे पाणी जड, आणि रेडिएटरमध्ये तेच ओतलेले. दोन-तीन उन्हाळ्यांत हीटरच्या नळ्या तुंबायच्या, मग कुठेतरी डाख सुटायचा आणि गरम पाणी पायावर. संत्र्याच्या बगीच्याचा मालक गाडी घेऊन गॅरेजवर यायचा आणि एकच वाक्य बोलायचा : "मिस्त्री, हे काढून टाका." मिस्त्री दोन्ही होज सोडायचा, एकच होज वळवून इंजिनाला परत जोडायचा किंवा हेडची वाट पट्टी आणि पॅकिंग लावून कायमची बंद करायचा. अर्ध्या तासाचे काम. पेटी मागच्या भिंतीशी पडायची, तिथून भंगारात. तांबे-पितळ म्हणून तिला भाव होता, हीटर म्हणून नव्हता.

पाण्याची गळती थांबली म्हणजे काम संपले असे बहुतेकांना वाटे. पण ज्याला आम्ही उस्ताद म्हणू त्याचा हात इथून पुढे ओळखू यायचा. पेटी काढणे आणि पेटी उपटणे यात फरक आहे. उस्ताद आधी इंजिन थंड होऊ द्यायचा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडून हात-तोंड भाजून घेतलेले शागीर्द प्रत्येक गॅरेजात एक तरी असायचे. मग बॅटरीची तार सोडायची, आणि सोडण्यापूर्वी बघायचे की गाडीला अर्थ कुठल्या टोकाची आहे, कारण जुन्या इंग्रजी गाड्यांत ती उलटी, म्हणजे पॉझिटिव्ह असायची. खालचा नळ उघडून पाणी डब्यात घ्यायचे. वाळून चिकटलेला होज ओढायचा नाही, कारण आतली नळी पातळ पितळेची, होजबरोबर तीच वाकते. होज कापायचा. होज चार पैशांचा, नळी मिळत नाही. मग खुंट्या, मग तारा, मग पंख्याची वायर. प्रत्येक वायरीला रंगीत दोरा, एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी. काढलेला बोल्ट वायसरसकट त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवायचा. शेवटी पेटी खाली घ्यायची ती सरळ उभी, कारण आत अजून पावशेर गंजके पाणी असते आणि ते हमखास सीटच्या कापडावर सांडते.

पेटी उघडल्यावर आत काय काय निघायचे! काचेपुढच्या झडपेतून गेलेला पालापाचोळा, कापसाच्या बोंडांचा रुवा, उंदराने केलेले घर. फेल्टच्या पट्ट्या भुगा झालेल्या. हा भुगा तोंडाने फुंकायचा नाही हे कोणी सांगितले नव्हते. त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस सर्रास असायचा. मिस्त्री ड्रम उघडून हवेच्या नळीने धूळ उडवायचा आणि ती धूळ तिथेच बसून चहा पिणाऱ्या सगळ्यांच्या छातीत जायची. रेडिएटरवाल्याच्या वाट्याला शिशाचा धूर. खोकल्याला आम्ही 'पेट्रोलचा खोकला' म्हणत राहिलो. किती माणसे कशाने गेली याची नोंद आमच्या गावांत कोणी केली नाही. करायला हवी होती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रेडिएटरवाल्यांचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबू. ही कला मोटारीबरोबर आकाशातून पडलेली नव्हती. गावोगावी भांड्यांना कल्हई लावत फिरणारे होते, भात्याने निखारा फुलवायचा, नवसागराची चिमूट टाकायची, कथिलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने भांडे चमकवायचे. दिवे, डबे, पन्हळी जोडणारे पत्र्याचे कारागीर होते. स्टेनलेस स्टील घरात आले आणि कल्हईची हाक गल्लीतून बंद झाली. पण कथील कुठल्या आचेवर पाणी होते आणि कुठल्या आचेवर जळते, हे ज्या हाताला कळत होते त्या हाताला रेडिएटरची नळी परकी नव्हती. नवसागराच्या जागी तेजाबात विरघळवलेले जस्त आले, भात्याच्या जागी ब्लोलँप. 'रेडिएटर वर्क्स'च्या पाट्यांवर जी नावे दिसतात ती वाचली तरी हा प्रवास समजतो. आमच्या कारागीर बिरादऱ्यांचा इतिहास लिहिताना आपण विणकरांपाशी आणि अत्तारांपाशी थांबतो. रेडिएटरपर्यंत यायला काय हरकत आहे?

काढण्याच्या या सवयीचे सगळेच कौतुक करण्यासारखे नाही. हीटरबरोबर मिस्त्री आणखी एक भाग काढायचे, तो थर्मोस्टॅट. हेडवर बसलेली ही छोटी पितळी झडप इंजिन थंड असताना पाणी अडवते, तापले की सोडते. आमच्याकडे समज असा पसरला की पाणी अडवणारी वस्तू उष्ण मुलुखात हवीच कशाला? म्हणून गाडी पहिल्यांदा गॅरेजवर आली की तिचा थर्मोस्टॅट बाहेर. यात नुकसान होते. थर्मोस्टॅट अडवतो तो फक्त सुरुवातीला, एकदा उघडला की तो गाडी तापवत नाही. तो नसला की हिवाळ्याच्या सकाळी इंजिन बराच वेळ गारच चालते, पेट्रोल जास्त खाते, सिलिंडर लवकर झिजतात. आणि काही इंजिनांत तर तो काढल्याने पाणी रेडिएटर सोडून आडवाटेने फिरते आणि गाडी उलट जास्त तापते. हीटर काढणे ही आमच्या हवेची गरज होती. थर्मोस्टॅट काढणे ही देखादेखी होती.

हीटरही नुसता निरुपयोगी नव्हता. वरुडाहून मुलताईकडे सातपुडा चढताना जुनी गाडी तापायला लागली, काटा लाल रेघेकडे निघाला, की जाणता ड्रायव्हर हीटर पूर्ण उघडून पंखा लावायचा. भर उन्हात! बसलेल्यांना वाटे हा वेडा झाला. पण हीटर म्हणजे दुसरा रेडिएटरच, इंजिनाची तेवढी उष्णता तो आत ओढून घेतो आणि घाटमाथ्यापर्यंत गाडी पोचते. माणसे घामाने निथळत, इंजिन वाचे. ज्यांनी हीटर काढून टाकला त्यांना चढावर तीन ठिकाणी थांबून छागल रिकामी करावी लागायची. पावसाळ्यात आणखी एक अडचण. काचेकडे जाणारा गरम वारा बंद झाला की आतून काच धुरकट होते. मग फडके, मग तंबाखूचा बोळा काचेवर घासणे. डिसेंबरात आंबियाची संत्री घेऊन दिल्लीच्या धुक्यात शिरणाऱ्या ड्रायव्हरला विचारा, त्या तंबाखूच्या बोळ्यावर किती रात्री काढल्या.

ट्रकचा विषय आला की लाज वाटण्यासारखी एक गोष्ट लिहावी लागते. संत्र्याला वारा लागतो हे आमच्या व्यापाऱ्यांना पक्के ठाऊक. फळ श्वास घेते, गरम होते, कोंडले तर सडते, म्हणून पेट्यांना फटी, मध्ये तणस, ट्रकच्या फळ्यांमधून हवा खेळेल अशी रचना. मागच्या मालासाठी इतका विचार, आणि पुढे इंजिनाच्या शेजारी बसलेल्या माणसासाठी उघडी खिडकी आणि ओला टॉवेल. सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढली, तिच्यानुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकांच्या केबिनला वातानुकूलन असणे सक्तीचे झाले. टाटांनी मर्सिडीज-बेंझबरोबर ट्रक काढायला सुरुवात केली ती १९५४ साली. मधल्या ७१ वर्षांचा हिशेब ज्याचा त्याने करावा. १९८६-८७ ला रमजान मे महिन्यात आला होता आणि पुन्हा २०१८-१९ ला. रोजा धरून तापलेल्या इंजिनावर वाकणारे मिस्त्री आणि केबिनमध्ये होरपळणारे ड्रायव्हर, दोन्ही आम्ही त्या दोन्ही वेळी पाहिले. मधल्या ३० वर्षांत त्यांच्यासाठी बदललेली वस्तू म्हणजे पाण्याची बाटली, आणि तीही मगरिबनंतरच कामाची.

१९८० च्या दशकात मारुती आली, वातानुकूलनाची हौस आली, तशी बाहेरून एसीचे किट बसवून घेण्याची टूम निघाली. अँबेसेडरच्या डॅशबोर्डखाली जिथे हीटरची पेटी होती नेमक्या त्याच जागी गार हवेची पेटी बसू लागली. पुढे ही किटे जुनी झाली तेव्हा त्यांनाही काढण्याचे काम याच हातांकडे आले. त्यांत भरलेला आर-१२ हा वायू ओझोनचा थर खातो. १९८७ च्या माँट्रियल करारात त्याचा वापर घटवायचे ठरले, भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला आणि २०१० पर्यंत आपल्याकडे असले वायू बंद झाले. गॅरेजमध्ये मात्र नट सैल करून वायू 'फुस्स' सोडून देणे हीच पद्धत होती. तो साठवून घेण्याचे यंत्र आमच्या तालुक्याच्या मिस्त्रीला कोणी दिले होते? तसेच आजच्या हिरव्या-लाल कूलंटचे. जुन्या गाडीत नुसते पाणी असायचे, ते गटारात ओतले तरी चालायचे. कूलंटमधले ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड. कुत्रे, बकरी चाटते आणि मरते. गॅरेजच्या दारात बकऱ्या फिरत असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता वारा उलटा फिरला आहे. ज्या गाड्या पन्नाशी ओलांडून उभ्या राहिल्या त्यांना मान मिळू लागला. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी, जिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही, तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरपट्टी मिळते. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुन्हा नोंदणी करायची तर ५,०००. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवायची नाही, प्रदर्शनाला आणि रॅलीला न्यायची. नीट वाचले तर या नियमात हीटरचे नाव नाही. म्हणजे हीटर काढलेली गाडी कायद्याने अपात्र ठरत नाही. पण मोठ्या शहरांतले शौकीन कायद्यापेक्षा कडक असतात. रॅलीत परीक्षक डॅशबोर्डखाली वाकून बघतात, आणि रिकामी भोके दिसली की म्हणतात, "कुणीतरी मेकॅनिकने वाट लावली."

हे वाक्य आम्हाला मान्य नाही. ज्याने वाट लावली असे म्हणतात, त्याने त्या पेटीच्या जागी पट्टी ठोकून ती गाडी ४० उन्हाळे चालवली म्हणून ती आज रॅलीला उभी आहे. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी पाने भरली. त्या टॅक्सींचे सुटे भाग शेवटची अनेक वर्षे भंगारातून शोधून, दुसऱ्या गाडीचे कापून, डाख देऊन चालवले जात होते. ते करणाऱ्या हातांवर एक पान कोणी खर्च केल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

शौकिनांची दुसरी तक्रार मात्र खरी आहे, आणि तिचे उत्तर आपल्याकडेच आहे. मूळ पेट्या आता सापडत नाहीत. ज्या भंगारात गेल्या त्यांतले तांबे केव्हाच वितळून वायर झाले. काही ठिकाणी पत्र्याची नुसती खोकी शिल्लक आहेत, खिळे-बोल्ट ठेवायला वापरलेली. अशा खोक्याच्या आत बसेल असा पितळी गाभा नव्याने करून देणारे कारागीर अजून आहेत, पण वय झालेले. अल्युमिनियमच्या गाभ्याला आणि प्लास्टिकच्या टाक्यांना डाख चालत नाही, म्हणून नव्या गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त होण्याऐवजी फेकले जातात आणि रेडिएटरवाल्यांच्या दुकानांत आता बॅटऱ्या विकायला ठेवलेल्या दिसतात. मुले संगणकावर गाडीचे दोष वाचायला शिकली आहेत, ते चांगलेच. गाठींचा दोरा मात्र त्यांनी पाहिलेला नाही.

वरूड, मोर्शी, परतवाडा, अचलपूर, अकोट या पट्ट्यात जुन्या मिस्त्रींच्या घरी कारखान्यांची तेलकट पुस्तके, कॉकच्या पितळी चाव्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या खुंट्यांनी भरलेले बिस्किटांचे डबे आजही निघतात. आम्ही काही जणांनी ते डबे बघायला आणि त्यांच्या मालकांकडून एकेका वस्तूचे नाव लिहून घ्यायला सुरुवात केली आहे. नावे तीन-तीन भाषांत मिळतात : इंग्रजीचे तोंडावर फिरून गुळगुळीत झालेले, उर्दूचे आणि वऱ्हाडीचे. 'थर्मोस्टॅट'ला आमच्याकडे 'व्हॉल' म्हणतात, काचेपुढच्या झडपेला 'छप्पर', आणि हीटरच्या पेटीला एका वयस्क चाचांनी सांगितलेले नाव आहे 'सिगडी'.